पहिल्या जागेवरून रेज, बटणाची री-रेज आणि माझा कॉल: चूक नेमकी कुठे?

वहीवाला

डाव तीन दिवसांपूर्वीचा आहे. डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय. रडगाणं वाटलं तर पुढे जा, राग नाही.

ऑनलाइन पोकर (होल्डेम), कॅश गेम, सहाजणांचं टेबल, माझ्याकडे आणि समोरच्याकडे १००-१०० बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला एकाने सक्तीने घालायची रक्कम; स्मॉल ब्लाइंड तिच्या निम्मी). आकडे सगळे बिग ब्लाइंडमध्येच देतो. पैशांत सांगितलं की लोक डाव सोडून पैशांवर बोलतात.

मी अंडर द गन, म्हणजे बोलायला सगळ्यात पहिला. हातात इस्पिक एक्का, बदाम राणी. २.५ केले. मधल्या दोघांनी पानं टाकली. बटणावरच्याने (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारा) री-रेज करून ७.५ केले. दोन्ही ब्लाइंड गेले. मी कॉल, म्हणजे त्याच्याइतके घातले.

फ्लॉप (सगळ्यांसाठीची पहिली तीन पानं): किलवर राणी, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १६.५. मी चेक (काही न घालता पाळी पुढे), त्याचे ५.५, माझा कॉल.
टर्न (चौथं पान): बदाम सत्ती. चेक, त्याचे १८, कॉल.
रिव्हर (पाचवं, शेवटचं पान): इस्पिक दुर्री. मी चेक. पॉटात ६३.५, आणि त्याने उरलेले सगळे ६९ आत ढकलले.

घड्याळ संपेपर्यंत बसलो. सगळ्यात मोठी जोडी माझी, वर एक्क्याचा किकर (जोडीसोबतचं पान), फ्लश (एका रंगाची पाच पानं) लागला नाही, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) शक्यच नाही. कॉल केला. त्याने दोन राजे उघडले.

माझी एक वही आहे. ५० च्या वर हरलेला प्रत्येक डाव तिच्यात जातो. दोन रकाने: एक ‘नशीब’, एक ‘गाढवपणा’. हा डाव तीन दिवस दोन्हींच्या मधल्या रेघेवर लटकलाय. रिव्हरला टाकायला हवं होतं का? की टर्नलाच सुटायला हवं होतं?

प्रीफ्लॉपचं, म्हणजे फ्लॉपच्या आधीचं, विचारत नाही, कारण तिथे ५ च घालायचे होते आणि पॉटात ११.५ पडले होते. एवढ्या स्वस्तात एक्का-राणी कोण टाकतं?

हौशी_खेळाडू

टर्नला चेक-रेज (आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेज) करून बघायचं होतं. त्याच्याकडे काय आहे ते तिथेच कळलं असतं.

किलवर तिर्री

@हौशी, कळण्यासाठी ५० घालायचे? शिवाय त्याने सगळे आत टाकले की काय कळलं म्हणायचं?

@वहीवाला, (फ्लॉपवर मी जातीने हजर होते, तरी तुमच्या उपयोगी पडले नाही, माफ करा.) आधी रिव्हर बघू, म्हणजे निदान झोप लागेल तुम्हाला.

६९ घालून एकूण २०१.५ चा पॉट मिळणार. म्हणजे शंभरातून ३४-३५ वेळा जिंकलात तरी बरोबरी. तुम्हाला हरवणारे हात मोजा. एक एक्का तुमच्याकडे, म्हणून एक्क्यांच्या जोड्या सहाऐवजी तीन. राजांच्या सहा. एक राणी तुमच्याकडे, एक फ्लॉपवर, उरलेल्या दोघींची जोडी एकच. झाले दहा. अठ्ठ्यांची जोडी घेऊन बटणावरून री-रेज करणारे भेटतात, पण रोज नाही, म्हणून सोडून देते. ह्या दहांच्या जोडीला पाच-सहा फसवे हात असले की तुमचा कॉल बरोबरीत सुटतो. न लागलेले किलवरचे एक्का-राजा, एक्का-पंजी, गुलाम-दश्शी. स्ट्रेट हुकलेली दश्शी-नव्वी. कागदावर पाच-सहा सहज भरतात. तुमच्या हातात किलवर एकही नाही, म्हणजे त्याचे हे फसवे हात तुम्ही अडवतही नाही. तेव्हा रिव्हरचा कॉल फार तर काठावरचा. समोरचा माणूस तीनदा बेट मारून फसवणाऱ्यातला नसेल तर वाईट, पण त्याला तुम्ही पाहिलंय, मी नाही.

आता ज्या जागेबद्दल तुम्ही ‘विचारत नाही’ म्हणालात, तिथे चला.

पत्त्यांचा खरा कॅट घ्या, स्क्रीनवरचा नको. इस्पिक एक्का आणि बदाम राणी काढून बाजूला ठेवा, ते तुमचे. आता पहिल्या जागेवरच्या रेजला री-रेज करणारा सावध माणूस काय घेऊन येतो ते मांडा: एक्के, राजे, राण्या, आणि एक्का-राजा. मी मांडले होते एकदा, अख्खी चादर भरली. एक्क्यांच्या जोड्या ३, राजांच्या ६, राण्यांच्या ३. उरलेले तीन एक्के आणि चार राजे मिळून एक्का-राजा १२. एकूण २४ हात. ह्यातला एकही असा नाही की ज्याच्या पुढे तुम्ही सुरुवातीला आहात. सगळी पाच पानं फुकटात उघडली तरी ह्या २४ विरुद्ध तुमचा वाटा साधारण चोवीस टक्के. आणि तुम्ही ५ घालून १६.५ च्या पॉटात उतरलात, म्हणजे हवे होते तीस. ‘स्वस्तात’ म्हणताय ते हे.

आणि फुकटात पाच पानं उघडतच नाहीत. तीनातून दोनदा फ्लॉपवर तुम्हाला जोडीसुद्धा लागत नाही, तेव्हा तो पॉटाच्या तिसऱ्या हिश्शाची बेट मारतो आणि तुम्ही पानं टाकता. उरलेल्या एका वेळी एक्का आला तर एक्का-राजा हसतो, राणी आली तर राजे हसतात. तुमच्या डावात फ्लॉप वाईट आला नव्हता हो, तुमच्या मनासारखा आला होता. तिथेच १०० गेले.

बटणबहाद्दर

ताई, मोजणी छान, पण तुमचा तो सावध माणूस आता शिल्लक राहिलाय कुठे? तो बटणावरचा म्हणजे मीच समजा (तो मी नव्हे, शपथ). मी एक्का-पंजी एका रंगाची घेऊन येतो, राजा-दश्शी एका रंगाची घेऊन येतो, कधी सत्ती-छक्कीसुद्धा. का? माझे ७.५ लागतात आणि समोर ४ पडलेले असतात. शंभरातून ६५ वेळा तुम्ही पानं टाकलीत की पुढचं पान न बघता माझं भागलं. तुमचा सल्ला ऐकून हे वहीवाले साहेब एक्का-राणी टाकायला लागले, की मी रोज येणार.

आणि माझी रेंज (ज्या हातांनी मी येतो ती यादी) एवढी पसरली की एक्यू ऑफ (वेगळ्या रंगाची एक्का-राणी) काही चोवीस टक्क्यांवर राहत नाही, चांगलं वर जातं.

किलवर तिर्री

वर जातं, मान्य. तुमच्यासारख्याविरुद्ध कधी कॉल, कधी फोर-बेट (री-रेजवर पुन्हा रेज) चालेल. पण ६५ चा धाक घालताय तर तोही मोजूया.

सहाजणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून नीट खेळणारा माणूस सहातून साधारण एकदा रेज करतो. दोन पानांचे एकूण हात १३२६, त्यातले २२५ धरा. तुम्हाला आयतं मिळू नये म्हणून त्यातले ३५ टक्के, म्हणजे ७८ हात टिकवायला हवेत. कॉल करा किंवा पुन्हा रेज करा, पण टाकायचे नाहीत. (खरं तर थोडे कमी चालतात, कारण ब्लाइंडमध्येही कधीतरी कुणी एक्के घेऊन बसलेला असतो.)

भरायला लागा:
एक्क्यांपासून दश्श्यांपर्यंत पाच जोड्या: ३०.
एका रंगाचे एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी: १६. झाले ४६.
वेगळ्या रंगाचे एक्का-राजा: १२. झाले ५८.
नव्व्या आणि अठ्ठ्या: १२. झाले ७०.
एका रंगाचे एक्का-दश्शी आणि राजा-गुलाम: ८. झाले ७८.

घर भरलं, आणि वेगळ्या रंगाची एक्का-राणी अजून दाराबाहेर उभी आहे. ती एकटी १२ हात घेऊन येते. एका रंगाची फक्त ४. एक्का-राणी म्हटली की आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण जी वाईट ती तिप्पट वेळा हातात येते.

वहीवाला

ताई, वाचून गप्प बसलो होतो. कॅट काढला, चादरीवर मांडला. २४ च आले.

पण एक पटत नाही. एका रंगाची आणि वेगळ्या रंगाची ह्यात असा काय फरक? फ्लश तर कधीकाळी लागतो. तेवढ्यावर एकीला घरात घ्यायचं आणि दुसरीला बाहेर?

अण्णा_रेल

मी बोलू का मध्ये? मी हल्ली खेळतो कमी, बघतो जास्त.

फ्लॉपवरच तयार फ्लश शंभरातून एकदासुद्धा येत नाही, बरोबर. पण आपल्या रंगाची दोन पानं पडून फ्लशचा ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी) नवांतून एकदा मिळतो. वहीवाले, फरक तिथे आहे. वेगळ्या रंगाची एक्का-राणी चुकली की तुम्ही चेक करता, तो ५.५ मारतो, आणि बोट फोल्डवर. एका रंगाची चुकली तरी ड्रॉ असला की कॉल करता, कधी चेक-रेज करता, टर्नलाही टिकता. पाच पानं पूर्ण उघडली तर दोघींच्या वाट्यात फरक दोन-तीन टक्क्यांचा. पण शेवटपर्यंत पोचते कोण? पहिली वाटेतच उतरते. तुम्हाला तिन्ही वेळा आधी बोलायचंय, म्हणून वाटेत न उतरणारे हात लागतात.

तेच उलटं करून बघा. री-रेज बटणाने न करता बिग ब्लाइंडने केली. तो मोठी करतो, ११ वगैरे, कारण आता आधी बोलायची पाळी त्याची. तुम्हाला ८.५ घालायचेत, पॉटात १४, हवे साधारण ३८ टक्के. आकडा बघून वाटेल की इथे जास्त टाकायला पाहिजे. पण फ्लॉपनंतर तुम्ही शेवटी बोलता, त्याने चेक केलं तर टर्न फुकट बघता. त्यामुळे कॉलची यादी उलट लांबते आणि पुन्हा रेज करायची गरज कमी होते. किंमत चढली तरी माल बरा मिळतो.

तिसरा प्रकार: तुमच्या लगेच डावीकडच्याने री-रेज केली. त्याच्या मागे चार जण अजून बोलायचेत, तरी आला. त्याच्यासमोर जोर नको.

नवा भिडू

गुलामांची जोडी असली की मला घाम फुटतो. आणि पंजींची जोडी? मी ती नेहमी कॉल करतो, कारण तीन पंज्या लागल्या की समोरच्याचा अख्खा स्टॅक (टेबलावरचे सगळे पैसे) मिळतो.

किलवर तिर्री

गुलाम: कॉल, आणि घाम पुसा. वर सांगितलेल्या अगदी कंजूस रेंजविरुद्धही (राण्या, राजे, एक्के, एक्का-राजा) गुलामांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास असतो. हवेत ३०. त्रास वेगळाच आहे. शंभरातून ५७ वेळा फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का पडतो आणि आपण लगेच मान टाकतो. पहिल्या छोट्या बेटला एकच मोठं पान बघून पळायचं नाही. दुसऱ्या बेटला मात्र विचार करा.

पंजी: अख्खा स्टॅक मिळतो हे आपण आपल्यालाच सांगतो. तिसरी पंजी फ्लॉपवर साडेआठांतून एकदा लागते. म्हणजे एका लागण्यामागे साडेसात वेळा ५ जातात, साडेसदतीस झाले. लागली की पॉटातले ११.५ आपले. उरले २६. हे २६ प्रत्येक लागण्यामागे, सरासरी, त्याच्या खिशातून यायला हवेत. त्याच्याकडे राजे असतील तर येतील, ९० येतील. पण फ्लॉप नव्वी-पंजी-दुर्री आणि त्याच्याकडे एक्का-राजा? एकदा ५.५ मारेल आणि गप्प. एक्का-राजाचे हात १६ आणि वरच्या तीन जोड्यांचे १८, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा समोर काही नसणारा माणूस बसलाय. बटणबहाद्दरांसारखा असेल तर निम्म्याहून जास्त वेळा. वर कधी तुमच्या तीन पंज्यांवर तीन राजे येतात, ते वेगळंच. बिग ब्लाइंडविरुद्ध, शेवटी बोलायला मिळत असेल आणि दोघांचे स्टॅक १५०-२०० असतील, तर वेगळं बोलू.

आणि रेक, म्हणजे टेबलवाल्याचं कमिशन. बहुतेक ठिकाणी फ्लॉप पडला नाही तर रेक कापत नाहीत. म्हणजे फोल्ड केलं तर नाही, पुन्हा रेज करून पॉट तिथेच उचलला तर नाही, कॉल केला तर मात्र टेबलवाल्याचा हात पॉटात. काठावरच्या हातांना ही कात्री पहिली लागते. लहान स्टेक्सवर (कमी पैशांच्या टेबलांवर) तर फारच.

बटणबहाद्दर

मग पुन्हा रेज कशाने करायची ते पण सांगून टाका, म्हणजे मला सावध राहता येईल.

किलवर तिर्री

तुम्हाला सांगून काय, तुम्ही ऐकणार थोडंच. एक्के आणि राजे, हे ठरलेले. वेगळ्या रंगाचे एक्का-राजा बरेचदा. आणि फसवायला एका रंगाची एक्का-पंजी. ती ७८ च्या यादीत नव्हती. तिला आत घेताना राजा-गुलाम बाहेर काढा. हातात एक एक्का आला की समोरच्याच्या एक्क्यांच्या जोड्या सहाच्या तीन होतात आणि एक्का-राजाचे सोळाचे बारा. म्हणजे तो परत आत उडी मारण्याची शक्यता आपणच कमी केलेली असते, आणि कॉल झाला तरी खालचा स्ट्रेट, वरचा फ्लश दोन्ही दारं उघडी. २२ च्या आसपास करा. १२.५ करून त्याला स्वस्तात फ्लॉप दाखवू नका, हे लहान स्टेक्सवर सर्रास बघते.

हौशी_खेळाडू

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा पहिल्या जागेवरून रेजच करू नये. नुसता १ घालून लिंप करावं. कुणी री-रेज करायचा प्रश्नच नाही.

अण्णा_रेल

मग री-रेजऐवजी रेज करतील, आणि पॉटात तुमचा एक असेल. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्राम केला होता, सहाजणांच्या नो-लिमिट (कितीही लावता येणाऱ्या) पोकरमध्ये तो कसलेल्या व्यावसायिकांना भारी पडला. त्याला कुणी पुस्तक दिलं नव्हतं, स्वतःशी खेळून शिकला. सुरुवातीला तोही लिंप करून बघायचा. शिकत गेला तसं सोडून दिलं, फक्त स्मॉल ब्लाइंडवरून ठेवलं. यंत्रालासुद्धा तुमच्यासारखंच वाटून गेलं होतं, एवढं समाधान माना.

वहीवाला

सगळ्यांचे आभार. वही परत चाळली. पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवरून रेज, मागून री-रेज, माझा कॉल, असे डाव शोधले. अकरा सापडले. त्यात वेगळ्या रंगाची एक्का-राणी चारदा, वेगळ्या रंगाचे राजा-राणी दोनदा, छोट्या जोड्या तीनदा. अकरा डावांवरून काही सिद्ध होत नाही हे कबूल. पण अकराच्या अकरा मी ‘नशीब’ रकान्यात लिहिलेत, निळ्या पेनाने, शेजारी समोरच्याला दोन-चार शब्द. तो एक्का-राणीचा डाव काल रात्री ‘गाढवपणा’त टाकला, पण रिव्हरला बाण न काढता प्रीफ्लॉपला काढला.

आणि आज सकाळी नेमकं तेच. पहिली जागा, चौकट एक्का, किलवर राणी, माझे २.५, बटणाचे ७.५. माणूस दुसरा. हात कॉलवर गेला होता, खोटं कशाला बोलू. टाकली. त्याने पानं दाखवली नाहीत. आता डोक्यात किडा वळवळतोय की त्याच्याकडे सत्ती-छक्की असेल तर?

आणि हा डाव वहीत कुठे लिहू? ५० च्या वरचा नाही, नशीब नाही, गाढवपणाही नाही बहुतेक.

किलवर तिर्री

तिसरा रकाना आखा. त्यात लिहा: अडीच.

बटणबहाद्दर

सत्ती-छक्कीच होती.